ऑपरेशनचं मला विचारू नका, आयसीयूचं विचारा

बायपास झाल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, ऑपरेशन कसं झालं? आता त्या खोलीत जेवढी माणसं होती त्यातली मी एकटीच अशी जिला काहीच माहीत नाही, मी काय सांगणार. माझ्या वाट्याला आलं ते त्याच्या आधीचं आणि नंतरचं, आणि नंतरचंच जास्त. माझ्या मोठ्या बहिणीची मुलगी भूलतज्ज्ञ आहे, हार्टच्याच केसेस करते. माझ्या ऑपरेशनला ती थिएटरमध्ये नव्हती, घरच्या माणसाच्या केसमध्ये उभं राहू नये म्हणाली, पण रोज येऊन माझे प्रश्न मात्र झेलायची. त्यामुळे खाली जे लिहिलंय त्यात भोगलेलं माझं आणि समजावलेलं तिचं असं मिसळलेलं आहे.

छातीत कळ वगैरे मला कधी आलीच नाही. जिना चढताना धाप लागायची, जबडा दुखायचा, दोन खांद्यांच्या मध्ये पाठीत जड वाटायचं, आणि थांबलं की सगळं गायब. बायकांमध्ये आणि शुगरवाल्यांमध्ये असं फसवं दुखणं बऱ्याचदा असतं हे नंतर कळलं, आणि मी दोन्ही. मनगटातून अँजिओग्राफी केली, तीनही मुख्य नसांमध्ये ब्लॉक. मला वाटलं आता तिथल्या तिथे स्टेंट टाकतील आणि मोकळं करतील, पण कार्डिऑलॉजिस्टने टेबलावर काहीच केलं नाही, बाहेर आणलं आणि म्हणाले सर्जनबरोबर बसून ठरवू. तेव्हा राग आला होता, आत गेलाच होतात तर करून टाकायचं ना. पण भाचीने नंतर समजावलं की शुगर असलेल्या आणि एकापेक्षा जास्त नसा खराब असलेल्या पेशंटवर २०१२ मध्ये फ्रीडम नावाची मोठी ट्रायल आली, त्यात पाच वर्षांत मृत्यू, अटॅक किंवा स्ट्रोक यातलं काही ना काही झालेले लोक स्टेंटच्या गटात साधारण २७ टक्के होते आणि बायपासच्या गटात १९. मात्र स्ट्रोक एकटा बघितला तर तो बायपासवाल्यांत जास्त, पाच टक्क्यांच्या आसपास, तिकडे अडीचच्या आत. हे दोन्ही आकडे तिने एका दमात सांगितले म्हणून माझा विश्वास बसला. नुसतं बायपास चांगली म्हणाली असती तर मी अजून चार जणांना विचारत बसले असते.

सर्जन भेटले तेव्हा त्यांनी कागदावर हृदय काढलं आणि नवीन रस्ते कुठून कुठे जाणार ते दाखवलं. छातीच्या आतल्या बाजूने डावीकडून एक धमनी खाली उतरते, ती सोडवून हृदयाच्या पुढच्या मोठ्या नसेला जोडायची, हा सगळ्यात टिकाऊ जोड, दहा वर्षांनीसुद्धा नव्वद टक्क्यांच्या वर उघडा सापडतो. पायाच्या शिरेचं तसं नाही, तेवढ्या काळात साधारण निम्म्या बंद पडतात. गंमत म्हणजे छातीतली ही धमनी लेनिनग्राडमध्ये कोलेसोव्ह नावाच्या सर्जनने १९६४ मध्येच वापरली होती, पण जगभर पसरलं ते १९६७ नंतरचं, क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये फावालोरोंनी पायाच्या शिरेने केलेलं काम, आणि छातीतल्या धमनीचं महत्त्व सगळ्यांना पटायला ऐंशीचं दशक उजाडावं लागलं. तिसरा पर्याय हातातली धमनी. ती सत्तरच्या दशकात पॅरिसला कार्पांतिएंनी सुरू केली, मग आखडते आणि बंद पडते म्हणून सोडून दिली, आणि नव्वदच्या दशकात औषधं सुधारल्यावर परत आली. २०१८ मध्ये बऱ्याच ट्रायल्सचा डेटा एकत्र केला तेव्हा पायाच्या शिरेपेक्षा हातातली धमनी सरस निघाली. मी उजव्या हाताने लिहिते म्हणून माझी डाव्या हातातली घेतली. त्याआधी मूठ आवळायला लावून मनगटावरच्या दोन्ही नाड्या दाबून धरतात आणि मग एक एक सोडून तळहात परत लाल होतो का बघतात, म्हणजे एक काढली तर दुसरी हात सांभाळेल की नाही ते कळतं.

तिसऱ्या नसेसाठी पायाची शीर लागणारच होती, पण तीसुद्धा दुर्बिणीने काढली, गुडघ्याजवळ छोटासा छेद देऊन. आमच्या काकांची बायपास मला आठवते, घोट्यापासून मांडीपर्यंत टाके, छाती बरी झाली तरी पाय चिघळत होता. दुर्बिणीने काढलेली शीर लवकर बंद पडते का अशी शंका बरीच वर्षं होती म्हणे, २०१९ च्या एका मोठ्या ट्रायलमध्ये हृदयाच्या बाबतीत फरक दिसला नाही आणि पायाच्या जखमेचा त्रास कमी झाला.

पंप, म्हणजे ऑपरेशनपुरतं हृदयाचं आणि फुफ्फुसाचं काम करणारं हार्ट-लंग मशीन, न लावता, धडधडत्या हृदयावर करता का, असंही मी विचारलं. दोन दिवस इंटरनेटवर वाचून गेले होते ना. सर्जन म्हणाले मी करतो तशीही, पण तुमच्या नसा बारीक आहेत, मला हृदय थांबलेलं हवंय. यावरही मोठ्या ट्रायल्स झाल्यात, त्यातल्या सगळ्यात मोठीत तर पावणेपाच हजाराच्या आसपास पेशंट होते आणि एकूण निकालात दोन्ही पद्धती सारख्याच निघाल्या. माझं मत विचाराल तर हा प्रश्न पेशंटने सोडवायचा नाही, सर्जनचा हात ज्यात बसलाय ते त्याला करू द्यावं.

ऑपरेशनच्या आधीचे दिवस म्हणजे नुसती यादी होती. शुगरच्या माझ्या गोळ्यांमध्ये एक एसजीएलटी-२ गटातली होती, ती तीन दिवस आधी बंद, नाहीतर शुगर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. रक्त पातळ करायची दुसरी गोळी त्याच्याही आधी बंद, ॲस्पिरिन चालू. दात तपासून घेतले, नाकात मलम, जंतुनाशकाने दोनदा आंघोळ, केस ब्लेडने नाही तर क्लिपरने काढले कारण ब्लेडच्या बारीक ओरखड्यांतून जंतू आत जातात. फिजिओथेरपिस्ट बाई आधीच येऊन गेल्या, तीन बॉलवालं श्वासाचं यंत्र हातात दिलं आणि उशी छातीशी घट्ट धरून खोकायची प्रॅक्टिस करून घेतली. तेव्हा ते फार हास्यास्पद वाटलं होतं. आणि सगळ्यात उपयोगाचं म्हणजे आयसीयूच्या सिस्टरने मला आत नेऊन बेड दाखवला. इथे तुम्ही जाग्या व्हाल, घशात ट्यूब असेल, बोलता येणार नाही, घाबरायचं नाही, हाताने खूण करायची. हे पाच मिनिटांचं सांगणं मला पुढे किती कामी आलं ते वर्णन करता येणार नाही.

एक विचित्र प्रश्न भूलतज्ज्ञांनी विचारला होता, तुम्हाला माशांची ॲलर्जी आहे का, आणि ते दुधाळ दिसणारं इन्सुलिन कधी घेतलंय का. मला वाटलं कुठल्या तरी फॉर्मवरचा असेल. भाचीने सांगितलं तेव्हा कळलं. हार्ट-लंग मशीनमध्ये रक्त फिरवायचं तर ते गोठता कामा नये, म्हणून हेपारिनचा जबरदस्त डोस देतात, आणि काम झालं की ते उतरवायला प्रोटामाइन देतात. हेपारिन मिळतं डुकराच्या आतड्यातून आणि प्रोटामाइन साल्मन माशाच्या वीर्यातून. त्या दुधाळ इन्सुलिनमध्येही प्रोटामाइन असतं, त्यामुळे आधी घेतलेल्या माणसाला त्याची रिॲक्शन यायचा धोका थोडा जास्त. एवढं अत्याधुनिक ऑपरेशन आणि शेवटी सगळं डुक्कर आणि माशावर अवलंबून, मला हे फार आवडलं.

थिएटरमध्ये मला आठवतं ते एवढंच की गारठा होता, कपाळावर दोन स्टिकर लावले, मेंदूपर्यंत ऑक्सिजन किती पोचतोय ते त्यातून सतत दिसतं, आणि उजव्या मनगटात बारीक सुई घातली. मग मास्क आला आणि संपलं. पुढचं सगळं ऐकीव. छातीचं हाड मधोमध कापतात, रक्त मशीनकडे वळवतात, महाधमनीला क्लॅम्प लावतात आणि पोटॅशियमवालं थंड द्रावण हृदयात सोडतात की ते थांबतं. ज्या पोटॅशियमवर नंतर आयसीयूत सगळे डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवतात त्याच पोटॅशियमने हृदय मुद्दाम बंद पाडायचं. मशीन चालवणारा माणूस वेगळा असतो, परफ्युजनिस्ट, त्याचं नाव कुठल्याच पेशंटला माहीत नसतं आणि तेवढा वेळ हृदयही तोच आणि फुफ्फुसंही तोच. फिलाडेल्फियात जॉन गिबननी हे मशीन ६ मे १९५३ ला पहिल्यांदा यशस्वीपणे वापरलं, त्याआधी जवळजवळ वीस वर्षं ते याच्याच मागे होते. सुरुवातीच्या मशीनना नुसतं भरायलाच पुष्कळ रक्त लागायचं. आता नळ्या आखूड, रक्तात ऑक्सिजन मिसळणारा ऑक्सिजनेटर छोटा, आणि नळीतलं सलाइन बाजूला काढून पेशंटचंच रक्त तिथे भरून घेतात, सांडलेलं रक्तही धुऊन परत देतात.

जाग आली ती कानाने. डोळे उघडायच्या आधी सिस्टरचा आवाज ऐकू आला, ऑपरेशन झालंय, छान झालंय, तुम्ही आयसीयूत आहात. मग ट्यूब जाणवली. श्वास आपण घेतोय की मशीन देतंय याचा गोंधळ उडतो, आपण आत ओढायला जावं आणि मशीन त्याच वेळी सोडायला लागावं, आणि ठसका लागतो पण खोकता येत नाही. सिस्टर म्हणाली मशीनशी भांडू नका, ते तुमच्या मागे येईल असं ठेवलंय, तुम्ही फक्त हळू घ्या. मग डोकं उचलायला लावलं, हात दाबायला लावला, रक्तातला ऑक्सिजन तपासला, आणि ट्यूब काढली. ऑपरेशन संपल्यापासून सहा तासांच्या आत काढायची असं हल्ली धोरण असतं. पूर्वी भुलेची औषधंच इतकी जड द्यायचे की पेशंट सकाळपर्यंत व्हेंटिलेटरवर, कारण हृदयाला विश्रांती मिळते असा समज होता. आता कमी मात्रेत आणि लवकर उतरणारी औषधं देतात, छातीच्या हाडाच्या बाजूने नसा बधिर करणारं इंजेक्शन देतात, त्यामुळे मॉर्फीनसारखी औषधं कमी लागतात, माणूस लवकर शुद्धीवर येतो आणि न्यूमोनिया वगैरेची भानगड कमी होते. ट्यूब निघाल्यावर मला तहान लागली होती, तशी तहान आयुष्यात कधी लागली नव्हती, आणि मिळाला काय तर ओला बोळा ओठांवर.

मला वाटत होतं आयसीयूची प्रगती म्हणजे अजून मोठी मशिन्स, अजून जास्त नळ्या. भाचीने सांगितलं, मावशी, गेल्या वीसेक वर्षांत आम्ही बऱ्याच गोष्टी करायच्या बंद केल्या, तेच मोठं काम झालं. तेव्हापासून मी आजूबाजूला त्याच नजरेने बघायला लागले.

रक्ताचंच बघा. दुसऱ्या सकाळी माझं हिमोग्लोबिन आठच्या जरा वर होतं. आमचे हे दारातच उभे, रक्त द्या, माझं घ्या, मुलाचं घ्या. डॉक्टर शांतपणे म्हणाले नको. साडेसातच्या खाली गेलं तर देऊ. यांना तो कंजूषपणा वाटला. पण २०१७ मध्ये जवळजवळ पाच हजार हार्ट सर्जरीच्या पेशंटवर हेच तपासलं होतं, साडेसातपर्यंत थांबलेल्या लोकांचं काही वाईट झालं नाही आणि रक्ताच्या पिशव्या वाचल्या. परकं रक्त हीसुद्धा एक प्रकारे छोटी ट्रान्सप्लांटच, गरज नसताना कशाला. मला दिलंच नाही.

तसंच शुगरचं. घरी मी एकेक आकडा वहीत लिहिणारी बाई, आणि इथे मॉनिटरवर एकशे साठ-सत्तर बघून सिस्टरला खुणा करतेय आणि ती मान हलवतेय की ठीक आहे. २००१ मध्ये बेल्जियममधून एक अभ्यास आला होता, आयसीयूत शुगर ८० ते ११० मध्येच ठेवली तर मृत्यू कमी होतात, आणि तो अभ्यास बहुतेक हार्ट सर्जरीच्याच पेशंटवर होता. सगळं जग तसं करायला लागलं. मग २००९ मध्ये सहा हजारांवर पेशंटची नाइस-शुगर ट्रायल आली आणि उलटं निघालं, इतकी कडक शुगर ठेवलेल्यांत मृत्यू जास्त, शिवाय शुगर धोकादायकरीत्या खाली जायचं प्रमाण कितीतरी जास्त. म्हणून आता १८० च्या खाली ठेवा आणि जास्त मागे लागू नका. मला हे पचायला जड गेलं खरं.

रात्री एक प्रकार झाला. पडद्यापलीकडच्या पेशंटच्या छातीच्या ड्रेनमधून, म्हणजे आत साठणारं रक्त बाहेर काढणाऱ्या नळीतून, चांगलं रक्त येत होतं, दर तासाला सिस्टर मोजून लिहीत होती, आणि मग ते एकदम थांबलं. मला ऐकूनच बरं वाटलं की चला थांबलं. पण सिस्टरचा आवाज बदलला, प्रेशर खाली, माणसं धावली, एक ट्रॉली आली आणि तिथे बेडवरच त्याची छाती उघडली. हे सगळं मला गुंगीत, आवाजांतूनच कळलं. ड्रेन थांबला म्हणजे रक्तस्राव थांबला असं नसतं, ड्रेनमध्ये गुठळी अडकली असेल तर रक्त हृदयाभोवतीच साठतं आणि हृदयाला फुगायला जागाच उरत नाही. अशा वेळी बाहेरून छाती दाबत बसण्यात अर्थ नसतो. हार्ट सर्जरीनंतर हृदय बंद पडलं तर वेगळाच नियम असतो, आधी शॉक किंवा पेसिंग, म्हणजे विजेच्या बारीक झटक्यांनी ठोके चालवणं, आणि त्याने नाही झालं तर पाच मिनिटांच्या आत छाती परत उघडायची, त्यासाठी मोजक्या हत्यारांचा निर्जंतुक सेट आयसीयूतच तयार असतो. थिएटरपर्यंत न्यायला वेळ नसतो. आणि हा पेशंट? माझ्या आधी वॉर्डात चालायला लागला, वर मलाच सांगायला आला की रोज थोडं थोडं वाढवा.

थिएटरमधून आयसीयूत पेशंट सोपवताना फार गोष्टी निसटतात म्हणे. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या लहान मुलांच्या हॉस्पिटलने यासाठी चक्क फॉर्म्युला वनच्या पिट स्टॉपवाल्यांचं काम बघितलं, कोण काय करणार, कोण बोलणार आणि कोण गप्प बसणार हे ठरवून टाकलं आणि चुका कमी झाल्या. माझ्या वेळीही तसंच काहीतरी असावं, कारण भाची सांगत होती की आणल्यावर पहिली काही मिनिटं कोणी बोलतच नाही, आधी वायरी आणि व्हेंटिलेटर जोडायचं, मग एकच जण बोलतो.

आता जे सांगायला मला संकोच वाटतो ते सांगते. दुसऱ्या रात्री मी भ्रमिष्टासारखं वागले. छतावरच्या टाइल्सवर अक्षरं चालायला लागली, मला खात्री झाली की सिस्टर लोक आपसात माझ्याबद्दल काहीतरी ठरवतायत आणि मला मुद्दाम चुकीच्या बिल्डिंगमध्ये ठेवलंय. नसांत घातलेल्या नळ्या उपटायला निघाले होते. सकाळी हे आले तर त्यांना ओळखून पण म्हटलं तुम्हीही त्यांच्यातले. बिचाऱ्यांचा चेहरा. याला डिलिरियम म्हणतात आणि हार्ट सर्जरीनंतर तो अगदी नेहमीचा आहे, वय जास्त असेल तर अजूनच. डॉक्टर आले, माझा हात धरला आणि म्हणाले मी अक्षरं म्हणतो, ए ऐकलं की हात दाबा. मला वाटलं ही कसली परीक्षा, आणि मी नापास झाले. पूर्वी अशा माणसाला झोपेचं इंजेक्शन देऊन गप्प करायचे, पण त्याच गटातल्या औषधांनी भ्रम वाढतो. मला काय दिलं? माझा चष्मा. समोर मोठं घड्याळ लावलं, रात्री दिवे कमी केले, दर वेळी येणारा माणूस आधी स्वतःचं नाव आणि वार सांगायचा, यांना जास्त वेळ बसू दिलं, आणि युरिनची नळी काढून टाकली कारण ती ओढून मी सारखी अस्वस्थ होत होते. एक दोन दिवसांत उतरलं. घरच्यांना हे आधी माहीत असणं फार गरजेचं आहे, आमच्याकडे सगळ्यांना वाटलं की हिच्या मेंदूला काहीतरी झालं.

खुर्चीत बसवलं ते दुसऱ्याच दिवशी, सगळ्या नळ्यांसकट. मग ते तीन बॉल. घरी प्रॅक्टिस करताना तिन्ही वर जायचे, आता पहिलाच जेमतेम हलायचा. छातीचं हाड सहा-सात स्टीलच्या तारांनी बांधलेलं असतं, खोकला आला की वाटतं सगळं उकलेल, आणि खोकल्याशिवाय कफ निघत नाही आणि फुफ्फुसाचा खालचा भाग उघडत नाही. ती हास्यास्पद उशी मी नंतर झोपतानासुद्धा सोडत नव्हते. ड्रेन काढतानाचं मात्र कोणी नीट सांगत नाही म्हणून मी सांगते, दीर्घ श्वास घ्या, रोखून धरा म्हणतात आणि ओढतात, काही सेकंदच, पण आत खोलवर काहीतरी सरकत जातं आणि ते भयंकर असतं. निघाल्यावर अर्ध्या तासात इतकं हलकं वाटतं की आधी का नाही काढला असं होतं.

वजन वाढलेलं बघून मी घाबरले होते, पाय टम्म सुजलेले, बोटाने दाबलं की खड्डा. मशीनवरून आल्यावर अंगात पाणी साठतं, ते औषधाने लघवीवाटे काढतात, आणि त्याबरोबर पोटॅशियम आणि मॅग्नेशियम पण जातं म्हणून सारखं रक्त तपासायचं आणि भरून काढायचं.

वॉर्डात आले, आता सगळं सरळ असं वाटत असतानाच छातीत पिशवीत कोंबलेलं कबुतर फडफडावं तसं व्हायला लागलं. मॉनिटरवर ठोके एकशे चाळीस, कसलाच ताल नाही. पळापळ होईल असं वाटलं पण सिस्टरने शांतपणे ईसीजी काढला आणि म्हणाली, एएफ आहे, अपेक्षितच असतं. हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा ताल बिघडतो, बायपासनंतर साधारण तिघाचौघांतल्या एकाला होतं आणि बहुतेक वेळा दुसऱ्या ते चौथ्या दिवसात. ताल ताळ्यावर आणणारं अमिओडॅरोन नावाचं औषध ठिबकातून चालू केलं आणि दुसऱ्या दिवशी ताल परत आला, पण गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करायची गोळी थोडे आठवडे घ्यावी लागली. याच्यावर एक साधा उपाय २०२१ मध्ये छापून आला, ऑपरेशनच्या वेळी हृदयाभोवतीच्या पिशवीला मागच्या बाजूने एक चीर द्यायची म्हणजे साठलेलं पाणी डाव्या बाजूला छातीच्या पोकळीत उतरतं. त्या एका चिरेने एएफचं प्रमाण ३२ टक्क्यांवरून १७ वर आलं. एवढ्या वर्षांत नवनवीन औषधं शोधली आणि शेवटी कात्रीने काम झालं. मी राउंडला सर्जनना विचारलं की माझ्यात ती चीर दिली होती का, तर हसून म्हणाले दिली होती हो, तरी तुम्ही त्या सतरात.

पोटावरून दोन बारीक वायरी बाहेर आलेल्या होत्या, गरज पडली तर बाहेरून पेसमेकर जोडायला. त्या घरी जायच्या आधी नुसत्या ओढून काढतात, दुखत नाही, आत गुदगुली होते. नंतर थोडा वेळ बेडवरून उठू देत नाहीत, प्रेशर बघत राहतात, क्वचित तिथून रक्त येऊ शकतं म्हणून.

बायकांसाठी एक वेगळं सांगायचंय कारण हे कुठल्याच कागदात लिहिलेलं नव्हतं. छातीचा भार दोन्ही बाजूंना ओढला जातो आणि मधल्या जखमेवर ताण येतो, त्यामुळे ती उघडायची किंवा चिघळायची भीती आपल्याला जास्त. समोरून बंद होणारी, तार नसलेली, आधार देणारी मऊ ब्रा आधीच आणून ठेवा आणि ड्रेन निघाले की लगेच विचारून घाला. मला हे एका वयस्कर सिस्टरने कानात सांगितलं, डॉक्टर मंडळींपैकी कोणीही नाही. शिवाय छातीची डावी बाजू बधिर राहते, कारण ती धमनी तिथूनच सोडवलेली असते, आणि मध्येच विजेचा झटका बसल्यासारखं होतं. हेही नॉर्मल, पण पहिल्यांदा झालं तेव्हा मी रात्री दोनला सगळ्यांना उठवलं होतं.

घरी आल्यावर पहिले काही आठवडे रडू यायचं, काही कारण नसताना. टीव्हीवर जाहिरात लागली तरी. चव गेली होती, झोप तुकड्या तुकड्यांत, आणि पाठीवर झोपायची सवय नसल्यामुळे कंबर वेगळी दुखायची. हाड भरायला दोन ते तीन महिने लागतात, तोवर जड उचलायचं नाही, ढकलायचं नाही, उठताना हाताचा जोर लावायचा नाही. हल्ली मात्र हातच हलवू नका असं सांगत नाहीत, कोपर अंगाशी ठेवून बरंच काही करू देतात, कारण हात न हलवून खांदे आखडतात ते वेगळंच दुखणं होऊन बसतं. मग रिहॅब, म्हणजे देखरेखीखालचा व्यायाम, सुरू केलं, सहा मिनिटांत किती चालता ते मोजायचं, सायकल, पुढे ट्रेडमिल, सगळं मॉनिटर लावून. हे बरेच जण टाळतात, टाके निघाले की झालं असं धरून चालतात. मी सांगते, जाच. ठोके वाढले की काहीतरी फुटेल ही भीती दुसऱ्या कशाने गेली नाही.

आता डाव्या अंगठ्याच्या मागची बाजू थोडी बधिर आहे, ती कदाचित तशीच राहील म्हणालेत. ॲस्पिरिन, कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन, ठोके आटोक्यात ठेवणारं बीटा ब्लॉकर आणि शुगरच्या गोळ्या चालू, ती एसजीएलटी-२ वाली पण परत सुरू केली. परवा फॉलोअपला मी विचारलं की जोडलेल्या नसा उघड्या आहेत का ते बघायला एकदा अँजिओ करून टाकूया का, मनाची शांती म्हणून. सर्जननी उलट विचारलं, जिना चढताना जबडा दुखतो का? म्हटलं नाही. मग म्हणाले, मग नाही करायची.